नंबर दिसंना, आणि नंबर बाहेर गेला : एका वधू-वर मंडळाच्या साइटचं प्रकरण

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते. होम मैदानावरच्या गर्दीतून मी वाट काढत होतो आणि वधू-वर मंडळाच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला. "सर, लोकं पैसे भरायलेत, पावत्या फाडायलोय आम्ही, आणि साइटवर गेल्यावर पालकांचा मोबाईल नंबरच दिसंना की ओ. लोकं अंगावर यायलेत." पाळण्यांच्या आवाजात अर्धंच ऐकू आलं. उद्या बघतो म्हटलं.

तासाभरात पुन्हा त्यांचाच फोन. या वेळी आवाज खाली आलेला. ऑफिसात एका मुलीची आई येऊन बसली होती. अनोळखी पोरांचे फोन येत होते, रात्री दहानंतरही. तिच्या पुण्यातल्या भाच्यानं साइट उघडली, लॉगिन वगैरे काही केलं नाही, तरी मुलीच्या नावाखाली नंबर समोर. त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ती आली होती.

पैसे भरलेल्याला नंबर दिसत नव्हता आणि मंडळाशी काडीचा संबंध नसलेल्याला दिसत होता. पहिली प्रतिक्रिया माझीही तीच होती जी तुमची असेल: दोघांपैकी एकाचं ऐकण्यात काहीतरी चुकतंय. पण दोघांचंही खरं होतं. प्रकरण सोडवायला दहा-बारा दिवस गेले, त्यातला एक दिवस माझ्याच चुकीपायी.

साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर होती आणि तिच्यावर बडीप्रेस हे त्याला जोडायचं, सदस्य सांभाळणारं प्लगइन बसवलेलं होतं. सदस्यांची नोंदणी, प्रोफाइल, यादी हे सगळं बडीप्रेसकडे. मूळ साइट दुसऱ्याच एका मुलानं बनवली होती, तो नोकरीला लागून बाहेरगावी गेला. प्रोफाइलमध्ये स्थळाच्या माहितीला जे लागतं ते सगळं: नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, उंची, शिक्षण, नोकरी, देवक, मामाचं आडनाव, पत्ता, पालकांचा मोबाईल. यातल्या प्रत्येक रकान्याला, म्हणजे फील्डला, ते कोणाला दिसावं याची स्वतंत्र सोय असते. ही सोय बडीप्रेसमध्ये 2012 मध्ये आली. पर्याय चार: सगळ्यांना, सर्व सदस्यांना, माझ्या मित्रांना आणि फक्त मला.

"मला तर सगळं दिसतंय"

दुसऱ्या दिवशी नवी पेठेतल्या ऑफिसात गेलो. जिना चढून वर एक खोली, खुर्च्यांवर सोलापुरी चादरींच्या घड्या, भिंतीला मागच्या वधू-वर मेळाव्याचा फ्लेक्स. काकांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "हे बघा. ही मुलगी. नंबर आहे का? आहे. हा मुलगा. आहे. मला तर सगळं दिसतंय. मी लोकांना सांगायलोय, तुमच्या मोबाईलचा प्रॉब्लेम आहे म्हणून."

काका अ‍ॅडमिनच्या लॉगिनमध्ये होते. आठवडाभर आलेली प्रत्येक तक्रार त्यांनी त्याच लॉगिनमधून तपासली होती आणि प्रत्येक वेळी साइट ठीक असल्याचा निर्वाळा दिला होता. बडीप्रेसमध्ये ज्याच्याकडे देखरेखीचा अधिकार आहे त्याच्यापासून एकही फील्ड लपवलं जात नाही. "फक्त मला" असं सदस्यानं निवडलेलं असलं तरी अ‍ॅडमिनला ते दिसतंच. पडद्यावर "फक्त मी" असं लिहिलेलं असतं, पण डेटाबेसमध्ये त्याच पर्यायाचं नाव "अ‍ॅडमिन्सओन्ली" असं आहे. खरं नाव तेच. पडद्यावरचं नाव फक्त सदस्याला दाखवायचं.

तर अ‍ॅडमिनच्या डोळ्यांनी परवानग्यांची तक्रार तपासणं म्हणजे किल्लीवाल्यानं सगळी दारं उघडून पाहणं आणि वर कुलपं चालतात म्हणणं. हे मला माहीत होतं. तरी मीही पहिल्या संध्याकाळी अर्धा तास असाच वाया घालवला. घरून माझ्याच जुन्या चाचणी खात्यात लॉगिन केलं, माझंच प्रोफाइल उघडलं, नंबर दिसला, हुश्श केलं. स्वतःचं फील्ड स्वतःला नेहमीच दिसतं, त्याला कसलीच अट नाही.

म्हणून ऑफिसातल्या ताईंकडून एक कोरी वही मागून घेतली आणि चार रकाने आखले. स्वतः, अ‍ॅडमिन, दुसरा सदस्य, बाहेरचा. पहिले दोन रकाने भरायचेच नाहीत, ते फक्त आठवण राहावी म्हणून. "दुसरा सदस्य" यासाठी एक नवं खातं उघडलं, कोणतंही विशेष पद न देता. "बाहेरचा" यासाठी ताईंचा मोबाईल घेतला, ज्यावर साइट कधी उघडलीच नव्हती. आपल्याच ब्राउझरमध्ये लॉगआउट करून बघितलं तर कुठली कुकी राहिली, कुठलं जुनं पान साठलेलं आहे याचा भरवसा नसतो.

तक्रार आलेली प्रोफाइलं आणि तक्रार न आलेली काही, अशी मिळून पंचवीसेक उघडली. ताई नावं वाचत होत्या, मी खुणा करत होतो. पान भरत आलं तसं चित्र स्पष्ट झालं. काही प्रोफाइलांत नंबर सदस्यालाही नाही आणि बाहेरच्यालाही नाही. काहींत दोघांनाही दिसतोय. उरलेल्यांत सदस्याला दिसतो, बाहेरच्याला नाही, म्हणजे जसं हवं तसं.

एकाच साइटवर, एकाच फील्डचं वागणं तीन तऱ्हांचं. सेटिंग एकच असेल तर असं होणं शक्य नाही. म्हणजे सेटिंग एक नव्हतंच.

तक्रारींपैकी काहींचा निकाल तिथल्या तिथे लागला. त्या लोकांनी अर्ज भरला होता, पावती घेतली होती, पण ईमेलवर आलेल्या दुव्यावर क्लिक करून खातं चालूच केलं नव्हतं. मेल स्पॅममध्ये पडलेला, किंवा ईमेल पोराचा आणि पोरगा बंगळूरला. अशी अर्धवट खाती वर्डप्रेसमध्ये सदस्यांच्या मुख्य यादीत दिसत नाहीत, वेगळ्या पानावर वाट बघत बसतात. ताईंनी ती तिथूनच चालू करून दिली.

मैत्री नको म्हणाले

नंबर कोणालाच न दिसणारी जी प्रोफाइलं होती, ती सगळी जुनी निघाली. साइट सुरू झाली त्या पहिल्या काही महिन्यांतली. एवढं लक्षात आल्यावर काकांना विचारलं, तेव्हा साइटवर काही वेगळं होतं का? काका आधी नाही म्हणाले. मग हसले.

"ते मैत्रीचं बटण होतं की ओ."

बडीप्रेसमध्ये एका सदस्यानं दुसऱ्याला मैत्रीची विनंती पाठवायची सोय असते, फेसबुकसारखी. मूळ साइट बनवणाऱ्यानं ती चालू ठेवली होती. मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठांनी मोबाईल वर धरून सगळ्यांना दाखवलं: माझ्या नातीला एका मुलाची मैत्रीची विनंती आली आहे, हे वधू-वर मंडळ आहे की काय आहे? ठराव झाला. मैत्री बंद. मुलानं दुसऱ्या दिवशी ती सोय बंद करून टाकली आणि प्रकरण मिटलं असं सगळ्यांना वाटलं.

पण त्या आधी ज्यांनी नोंदणी केली होती, त्यांच्यापैकी अनेकांनी मोबाईल नंबरासमोर "माझे मित्र" हा पर्याय निवडलेला होता. विचार सरळ होता: ज्याची विनंती आम्ही मान्य करू, त्यालाच नंबर. मैत्रीची सोय बंद झाली तेव्हा नवीन लोकांच्या यादीतून हा पर्याय गेला, पण जुन्यांनी निवडून ठेवलेली नोंद तशीच राहिली. बडीप्रेस नंबर दाखवण्याआधी विचारतं, बघणारा मित्र आहे का? मैत्री ही गोष्टच उरलेली नाही, त्यामुळे उत्तर कायम नाही. नंबर मालकाला आणि अ‍ॅडमिनला सोडून सगळ्या जगाला बंद. ज्या स्थळांना मागणी यायला हवी होती त्यांच्याकडे फोनच जात नव्हता, आणि ते लोक समजत होते की आपल्या मुलीला कोणी विचारत नाही. या प्रकरणातलं मला सर्वांत लागलेलं हेच.

सदस्याची निवड डेटाबेसमध्ये कुठे असते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. प्रत्येक सदस्याच्या यूजरमेटामध्ये, म्हणजे त्याच्या जादा माहितीच्या तक्त्यात, "बीपी_एक्सप्रोफाइल_व्हिजिबिलिटी_लेव्हल्स" नावाची एक नोंद असते. तिच्यात जोड्या असतात: फील्ड क्रमांक आणि त्यासमोर दर्जा, म्हणजे ते कोणाला दिसावं. या साइटवर मोबाईलचं फील्ड 7 क्रमांकाचं होतं. जुन्या सदस्यांच्या नोंदीत 7 समोर "फ्रेंड्स", ठीक चाललेल्यांत 7 समोर "लॉग्डइन" म्हणजे सर्व सदस्यांना, आणि त्या मुलीच्या नोंदीत 7 समोर "पब्लिक" म्हणजे सगळ्यांना.

अ‍ॅडमिन फील्डच्या पानावर जो दर्जा ठरवतो तो मुळात फक्त सुरुवातीचा असतो. सदस्याला बदलायची मुभा असेल तर सदस्याची नोंद त्याच्यावर मात करते. काकांनी गेल्या महिन्यात तिथं जाऊन "सर्व सदस्य" असं दोनदा सेव्ह केलं होतं, आणि काही होईना म्हणून पुन्हा सेव्ह केलं होतं. होणारच नव्हतं.

पब्लिक कोणी केलं?

त्या आईनं शपथेवर सांगितलं की तिनं किंवा मुलीनं "सगळ्यांना" असं कधीच निवडलेलं नाही. मुलीनं दिवाळीत फक्त नोकरी बदलल्याचं लिहिलं होतं, पगार वाढवला होता, सेव्ह केलं होतं. बस.

मला आधी कॅशेवर संशय होता. सदस्याला दाखवलेलं पान साठवून ठेवून ते बाहेरच्याला दिलं जातंय की काय, हा पहिला विचार या धंद्यात कोणाच्याही मनात येतो. कॅशे रिकामं केलं, बंद केलं, फरक पडला नाही. डेटाबेसमध्ये "पब्लिक" असं स्पष्ट लिहिलेलं असताना फरक पडणारच कसा? नोंद आधी बघायला हवी होती.

मग मी चाचणी खात्यात गेलो. नोंदीत 7 समोर "लॉग्डइन" आहे याची खात्री केली. प्रोफाइल संपादनाचं पान उघडलं, उंचीमध्ये एक इंच वाढवला, सेव्ह दाबलं, पुन्हा नोंद बघितली. 7 समोर "पब्लिक". त्या पानावरच्या बाकीच्या फील्डांसमोरही "पब्लिक". काही न निवडता.

संपादनाच्या पानावर प्रत्येक फील्डखाली "हे कोणाला दिसेल" अशी एक ओळ आणि "बदला" असा दुवा असतो. या साइटवर ती ओळच नव्हती. गेल्या वर्षी मंडळानं साइटचं रूप बदललं होतं, नवी थीम आणली होती, मोबाईलवर छान दिसते म्हणून. त्या थीमनं संपादनाच्या फॉर्मचा स्वतःचा साचा आणला होता आणि त्यात फॉर्म आटोपशीर दिसावा म्हणून ही ओळ गाळलेली होती. आता बडीप्रेस फॉर्म सेव्ह करताना प्रत्येक फील्डबरोबर दर्जाही शोधतं, आणि फॉर्ममधून दर्जा आलाच नाही तर "पब्लिक" असं धरून लिहून टाकतं. आधीची नोंद काय होती हे विचारत नाही.

म्हणजे थीम बदलल्यापासून ज्यानं ज्यानं प्रोफाइलमध्ये काहीही बदल केला, वजन, पगार, फोटोखालची ओळ, त्याचा मोबाईल नंबर त्या क्षणी जगासाठी उघडा झाला. ज्यांनी हात लावला नाही ते वाचले. जे सदस्य आपली माहिती काळजीनं अद्ययावत ठेवत होते तेच उघडे पडले. काकांना हे समजावताना मला वही पुन्हा काढावी लागली. त्यांनी शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे आळशी लोकं सुखी?" हो, या बाबतीत.

आता माझी चूक. कारण कळलं त्या संध्याकाळी मला गळती लगेच थांबवायची होती. अ‍ॅडमिनला फील्डवर सक्ती करता येते: सदस्याची निवड बाजूला, सगळ्यांना हाच दर्जा. सक्ती लावली की ती नोंदीवर तिथल्या तिथे मात करते, नोंदी बदलाव्या लागत नाहीत. मी मोबाईलच्या फील्डला "सर्व सदस्य" अशी सक्ती लावली, बाहेरचं दिसणं बंद झालं हे ताईंच्या मोबाईलवर तपासलं, आणि घरी गेलो.

सकाळी एका वडिलांचा फोन. त्यांनी सुरुवातीपासून "फक्त मी" निवडलेलं होतं. मुलीचं आधी एक लग्न मोडलेलं, त्यांना मंडळामार्फतच बोलणी हवी होती. माझ्या सक्तीनं त्यांचा नंबर रात्रभर सगळ्या सदस्यांसमोर होता. बाहेरचा दरवाजा लावताना मी आतली कपाटं उघडी करून ठेवली होती. घाईत सक्ती लावायचीच तर ती सर्वांत अरुंद बाजूची लावायची, म्हणजे "फक्त मी". दोन दिवस कोणालाच नंबर दिसला नाही तर लोक ओरडतील, पण कोणाचं नुकसान होणार नाही. मी त्यांची माफी मागितली, सक्ती बदलली, आणि पुढचे दिवस नंबरासाठी लोकांनी ऑफिसात फोन करायचा असं ठरलं. ताईंनी ते निभावलं.

त्या रात्री थीमच्या साच्यात गाळलेली ओळ परत घातली. मग यादीकडे वळलो, आणि तिथं आणखी एक गळती सापडली. सदस्यांच्या यादीत प्रत्येकाचं छोटं कार्ड होतं: फोटो, नाव, शिक्षण, आणि काहींवर बारीक अक्षरात पत्ता. पत्त्याचं फील्ड सदस्यांपुरतं होतं, प्रोफाइल पानावर बाहेरच्याला दिसत नव्हतं, पण कार्डावर दिसत होतं. कार्ड बनवणाऱ्यानं फील्डचा मजकूर थेट मागवणारं फंक्शन वापरलं होतं. ते फंक्शन मागेल त्याला माहिती देतं, कोण बघतंय हे तपासत नाही. तपासणी प्रोफाइल पानाच्या वाटेवर आहे, मागच्या दारानं गेलं तर ती लागतच नाही. कार्डावरून पत्ता काढून टाकला. कार्डावर पत्ता कशाला हवा होता, हे अजून मला कोणी सांगितलेलं नाही.

जाता जाता: दोन-तीन पालकांनी नंबर दिसत नाही म्हणून तो नावाच्याच फील्डमध्ये टाकला होता, आडनावापुढे. बडीप्रेसमध्ये नाव हे पहिलं फील्ड आणि ते कोणापासूनही लपवता येत नाही. तिथं परवानग्यांचं काहीच चालत नाही, फोन करून सांगावं लागतं.

सदस्य म्हणजे कोण

सगळं ठीक करून मी "सर्व सदस्य" ही मर्यादा पुन्हा चालू करणार होतो. त्याआधी सहज म्हणून ताईंना विचारलं, नोंदणी कोण मंजूर करतं? त्या म्हणाल्या, पावती मी फाडते. मी म्हटलं, साइटवर? त्या गप्प.

कोणीच करत नव्हतं. साइटवर कोणीही अर्ज भरून, ईमेल पक्का करून पाच मिनिटांत सदस्य होऊ शकत होता. मंडळाच्या तोंडी सदस्य म्हणजे ज्याची पावती झाली, ज्याच्या घरचं कोणीतरी ऑफिसात येऊन बसलं, ज्याच्या मामाला कोणीतरी ओळखतं. सॉफ्टवेअरच्या तोंडी सदस्य म्हणजे ज्याच्याकडे लॉगिन आहे. शब्द एक, माणसं वेगळी. आणि गेली काही वर्षं मंडळ लोकांना सांगत होतं, तुमचा नंबर फक्त सदस्यांनाच दिसतो.

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ हेच होतं. थीम आणि मैत्री यांनी गोंधळ घातला, पण ते दोन्ही नसते तरी नंबर कोणत्याही अनोळखी माणसाच्या पाच मिनिटांच्या अंतरावर होता. अध्यक्षांसमोर हे मांडलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, नोंदणीच बंद करून टाकू का? मी नको म्हटलं. बाहेरगावचे लोक, पुण्या-हैदराबादला नोकरीला असलेली मुलं, ऑनलाइन नोंदणीनंच येतात. नोंदणी खुली असू द्या, पण नंबरासाठी वेगळी पायरी ठेवा.

त्यासाठी "पावती झालेले सदस्य" असा एक सदस्य-प्रकार बनवला. ताई पावती फाडली की वर्डप्रेसच्या यादीत त्या नावावर खूण करून प्रकार बदलतात, एवढंच त्यांचं काम. मग त्याच नावाचा पाचवा दर्जा फील्डसाठी तयार केला. बडीप्रेस दर्जांची यादी वाढवू देतं, पण नुसती यादी वाढवून भागत नाही. बडीप्रेसची तपासणी "कोणाला दाखवायचं" अशी नाही, "कोणापासून लपवायचं" अशी आहे. बघणाऱ्यासाठी लपवायच्या दर्जांची एक यादी बनते, त्या यादीत जो दर्जा नाही तो दाखवला जातो. नवा दर्जा त्या यादीत घातला नाही, तर तो सगळ्यांसाठी उघडा. म्हणून "बीपी_एक्सप्रोफाइल_गेट_हिडन_फील्ड_टाइप्स_फॉर_यूजर" या फिल्टरवर, म्हणजे ती यादी बदलायला बडीप्रेसनं दिलेल्या जागी, काही ओळी लिहिल्या: बघणारा स्वतः नाही, अ‍ॅडमिन नाही आणि पावतीवालाही नाही, तर हा दर्जा लपव.

यात एक खड्डा आहे आणि तो मी साइटच्या प्रतीवर मुद्दाम पडून बघितला. हा कोड ज्या प्लगइनमध्ये आहे ते बंद केलं की सदस्यांच्या नोंदीतला पाचवा दर्जा बडीप्रेसला अनोळखी होतो, लपवायच्या यादीत तो नसतो, आणि नंबर सगळ्या जगाला दिसतो. साधारणपणे आपण समजतो की एखादी सोय बंद केली तर दार बंद होईल. इथं उलटं. म्हणून तो कोड थीममध्ये ठेवला नाही, नेहमीच्या प्लगइनांतही नाही. वर्डप्रेसमध्ये सक्तीच्या प्लगइनांचा एक वेगळा फोल्डर असतो, त्यातली फाइल अ‍ॅडमिनच्या पानावरून बंद करता येत नाही. तिथं ठेवला. उद्या पुन्हा कोणी बैठकीत ठराव करून काहीतरी बंद करायला सांगेल, हे धरूनच.

राहिल्या जुन्या नोंदी. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलानं सुचवलं की डेटाबेसमध्ये सरळ एका शब्दाच्या जागी दुसरा घालू, एका ओळीची क्वेरी आहे. प्रतीवर करून बघ म्हटलं. केलं, आणि ज्या ज्या सदस्याची नोंद बदलली त्या सगळ्यांची अख्खी नोंदच निकामी झाली. कारण ही नोंद साध्या मजकुरासारखी नसते, प्रत्येक शब्दाआधी त्याची लांबी लिहिलेली असते. इंग्रजी लिपीत मोजलं तर "पब्लिक" सहा अक्षरी, "फ्रेंड्स" सात, "लॉग्डइन" आठ. शब्द बदलला आणि आकडा सहाच राहिला, की पीएचपी ही वर्डप्रेसची प्रोग्रॅमिंग भाषा ती नोंद वाचायला नकार देते आणि सदस्याच्या सगळ्या फील्डांच्या निवडी एकदम जातात. मग नीट स्क्रिप्ट लिहिली, जी नोंद उलगडून वाचते, हवी ती जोडी बदलते आणि पुन्हा बांधून ठेवते. आधी बॅकअप, मग प्रत, मग खरी साइट.

कोणाची नोंद कशात बदलायची हा प्रश्न स्क्रिप्टपेक्षा अवघड होता. "फक्त मी" वाल्यांना हात लावायचा नाही, हे पक्कं. "मित्र" वाल्यांना दार अरुंद हवं होतं एवढंच कळत होतं, म्हणून त्यांना तात्पुरतं "फक्त मी" वर नेलं आणि ताईंनी एकेकाला फोन करून विचारलं. काही फोन मराठीत, काही तेलुगूत, काही कन्नडमध्ये. ज्यांच्यासमोर "पब्लिक" होतं त्यांच्यात स्वतः निवडलेले कोण आणि थीमनं लिहिलेले कोण, हे नोंदीवरून ओळखायला मार्ग नव्हता. मोबाईल, पत्ता आणि जन्मवेळ ही तीन फील्डं बाकीच्या सगळ्यांची पावतीवाल्यांपुरती केली, शिक्षण-उंची उघडी राहू दिली. अध्यक्ष म्हणाले, कोणाला उघडं हवं असेल तर? तो स्वतः उघडेल, ओळ आता फॉर्ममध्ये आहे. सक्ती या सगळ्यानंतर, नोंदी पुन्हा एकदा तपासून मगच उठवली. त्याच वेळी "फक्त मी" ही पाटी बदलून "फक्त मी आणि मंडळाचं ऑफिस" अशी केली. आणि अर्जात नंबराच्या रकान्याखाली तो कोणाला दिसेल हे एका वाक्यात लिहिलं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती कशासाठी घेतली हे सांगण्यावर भर आहे, पण खरं तर कायदा नसता तरी हे लिहायलाच हवं होतं.

बाहेर गेलेलं परत आणता येत नाही, हे मात्र मंडळाला स्पष्ट सांगितलं. गूगलनं काही प्रोफाइल पानं टिपून ठेवली होती, शोधल्यावर निकालाखालच्या दोन ओळींत नंबर दिसत होता. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सोयीतून ती पानं काढायची विनंती केली. ती साधारण सहा महिने पुरते, तोवर गूगल बदललेलं पान पुन्हा वाचून जातं. ज्यांनी नंबर आधीच उतरवून घेतले होते त्यांच्यावर कोणाचाच उपाय नाही. ज्यांच्या नोंदीत "पब्लिक" सापडलं त्या सगळ्यांना मंडळानं पत्र पाठवलं. काका आधी तयार नव्हते, मंडळाचं नाव खराब होईल म्हणून. त्या आईचा स्क्रीनशॉट पुन्हा दाखवल्यावर सही केली.

मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात त्या बाईंना ऑफिसातून फोन लावला. म्हटलं, आमच्यावर विश्वास ठेवू नका, शेजारच्या कोणाचा तरी मोबाईल घ्या आणि मुलीचं पान उघडा. फोन चालूच होता. मागं यंत्रमागाचा खटखटाट ऐकू येत होता, मध्येच कोणीतरी पाणी आल्याचं ओरडलं. बऱ्याच वेळानं बाई परत आल्या.

"दिसंना," म्हणाल्या, आणि पाणी भरायला गेल्या.